५४ किलोंचा हिशेब

वयाची पासष्टी उलटल्यावर मी बेळगावातील एका रुग्णालयाच्या वृद्धोपचार विभागात नाव नोंदवले, तेव्हा मला तसा कोणताही मोठा आजार नव्हता. रक्तदाबाची एक गोळी चालू होती, साखर काठावर होती आणि खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत वर्षानुवर्षे उभे राहून शिकवल्यामुळे गुडघे अधूनमधून कुरकुरत होते, एवढेच. जाण्याचे खरे कारण माझी आई होती. शेवटची काही वर्षे ती स्मृतिभ्रंशाने आम्हा कोणालाच ओळखत नव्हती. तिचा आजार केव्हा सुरू झाला असे कोणी विचारले की घरातले सगळे 'विसरायला लागली तेव्हापासून' असे सांगत. पण माझ्या आठवणीत त्याच्या कितीतरी आधी तिच्या पोलक्यांच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या होत्या, शहापुरात विणकराच्या घरी कांड्या भरण्यात हयात गेलेल्या तिच्या हातांना बरणीचे झाकण उघडेनासे झाले होते आणि गणपत गल्लीपर्यंतची वाट तिला लांब वाटू लागली होती. त्या वेळी हे सारे वयाच्या खाती जमा झाले. या दोन गोष्टींचा, म्हणजे अंग उतरण्याचा आणि बुद्धी उतरण्याचा, एकमेकींशी काही संबंध आहे का, हे मला एकदा नीट विचारून घ्यायचे होते.

डॉक्टर धारवाडकडचे. त्यांना मराठी चांगली समजे, बोलताना मात्र निम्मे कानडी आणि निम्मे इंग्रजी येई. मी शाळेत होते हे कळल्यापासून ते मला 'टीचर' म्हणू लागले. आईची हकिकत त्यांनी मध्ये न तोडता ऐकली आणि मग जे सांगितले ते मला अनपेक्षित होते. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या अनेक वर्षे आधीपासून रुग्णाचे वजन उतरू लागते, हे दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांतून पुन्हापुन्हा आढळले आहे. त्यामुळे आईचे रोडावणे हे आजाराचे कारण होते की आजाराचाच पहिला परिणाम, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. उलट चाळिशी-पन्नाशीत पोट सुटणे ही धोक्याची खूण ठरते. कॅलिफोर्नियातील साडेसहा हजार लोकांच्या पोटाची जाडी ते चाळिशीत असताना मोजून ठेवलेली होती, आणि सरासरी ३६ वर्षांनी त्यांची प्रकृती पाहिली, तेव्हा सर्वांत पुढे आलेल्या पोटांच्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सर्वांत सपाट पोटांच्या गटापेक्षा जवळजवळ तिप्पट निघाले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन बेताचेच होते, पण पोट तेवढे पुढे होते, त्यांनाही धोका वाढलेला होता. म्हणजे पन्नाशीत जे वाढू द्यायचे नाही आणि सत्तरीत जे घटू द्यायचे नाही, त्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि वजनाचा काटा त्या दोन्ही एकाच आकड्यात मोजतो.

माझे वजन ५४ किलो होते आणि उंची १५२ सेंटीमीटर. त्यावरून येणारा निर्देशांक (बीएमआय, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग) साडेतेवीसच्या आत, म्हणजे आपल्याकडे धरल्या जाणाऱ्या २३ च्या मर्यादेला जेमतेम ओलांडणारा. अशा आकड्यावर समाधान मानू नये, हे सांगताना डॉक्टरांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा दाखला दिला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले होते. दोघांचाही निर्देशांक २२ च्या आसपास आणि अगदी सारखा. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदाळ अशी ही भारतीय ठेवण आहे, आणि आमच्या घरातील बहुतेक बायका त्याच साच्यातल्या आहेत, हे मला ते ऐकताच पटले.

तपासणीला उपाशीपोटी बोलावले होते. अंगाची घडण मोजणाऱ्या यंत्रावर अनवाणी उभे राहायचे, दोन्ही हातांत दांडे धरायचे आणि यंत्र अंगातून अतिशय सौम्य विजेचा प्रवाह सोडते. तो जाणवतसुद्धा नाही. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असल्यामुळे प्रवाह त्यांतून सहज जातो, चरबी त्याला अडवते, आणि या अडवणुकीवरून यंत्र स्नायू किती व चरबी किती याचा अंदाज काढते. हृदयात पेसमेकर असलेल्यांना हे यंत्र चालत नाही. अंगावर धातू नको म्हणून मंगळसूत्र सहज निघाले, पण लग्नात घातलेल्या पाटल्या मनगटाच्या हाडावर अडून बसल्या. परिचारिकेने मला बेसिनपाशी नेले, हाताला साबण चोळला आणि माझा अंगठा तळहातात दुमडून एकेक पाटली अशा सफाईने उतरवली की तिचे हे रोजचेच काम असावे. पाटल्या काढल्यावर तिथे उरलेले मनगट इतके बारीक दिसले की मी ते दुसऱ्या हाताने झाकून घेतले. पोट मात्र, टेपने मोजल्यावर, ९१ सेंटीमीटर भरले. भारतीय बायकांसाठी ही मर्यादा ८० आहे आणि पुरुषांसाठी ९०.

यंत्राने सांगितलेली चरबी ३६ टक्के होती. हातापायांतील स्नायूंचे वजन उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा काढतात तो ५.४ आला; आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार या प्रकारच्या यंत्रावर बायकांचा आकडा ५.७ च्या खाली असू नये. पण डॉक्टरांचा भर या आकड्यांवर नव्हता. भरपूर पाणी प्यालेले असले किंवा पायांना सूज असली तरी ते हलतात, असे त्यांनीच सांगितले. स्नायू किती आहेत यापेक्षा ते काय करू शकतात हे पाहण्यासाठी त्यांनी मला खुर्चीत बसवून, कोपर काटकोनात ठेवून, मुठीची ताकद मोजणारे यंत्र दाबायला दिले. काटा १५ किलोंवर थांबला. त्याच निकषांत बायकांसाठी १८ आणि पुरुषांसाठी २८ ही खालची मर्यादा आहे. मग हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. हे बारा सेकंदांच्या आत व्हावे लागते, मला पंधरा लागले. चालण्याचा वेग तेवढा ठीक निघाला. वयोमानाने स्नायू झिजून ताकद घटणे याला सार्कोपेनिया म्हणतात आणि माझ्या कागदावर तो शब्द लिहिला गेला.

स्मरणशक्तीची चाचणी दुसऱ्या खोलीत होती. पुढ्यात आलेला कागद कानडीत होता. मी मराठी मागितला. बेळगावात मराठी कागद मागणे हे वेगळ्याच वादाचे प्रकरण होऊन बसलेले आहे. पण इथे प्रश्न अस्मितेचा नव्हता, कारण दुसऱ्या भाषेतले शब्द लक्षात ठेवायला लावले तर परीक्षा स्मरणाची होते की भाषेची, हे सांगता येत नाही. चाचणी घेणाऱ्या मुलीला हे तत्काळ पटले आणि थोड्या शोधाशोधीनंतर मराठी कागद मिळालाही. घड्याळ काढणे, चित्रातील प्राणी ओळखणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे हे सहज झाले. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला वजाबाकीचे गुण फुकटच. पण सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द शेवटी विचारले, तेव्हा तीन आले आणि दोन काही केल्या आले नाहीत. तिसापैकी एकूण २५. नेहमीची रेघ २६ वर असते. एका गुणावरून कसलेही निदान होत नाही, ही पुढच्या तुलनेसाठी ठेवलेली नोंद आहे, असे डॉक्टरांनी मला बजावून सांगितले.

मांडीच्या स्नायूचा मेंदूशी काय संबंध, हा माझा प्रश्न अजून शिल्लकच होता. उत्तर बरेच लांबले आणि ते मला शाळेतल्या शास्त्राच्या तासासारखे लागले. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या इंधनातील पाचवा वाटा एकटा खातो आणि ते इंधन पोहोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की पहिली झळ त्यालाच लागते. जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या हुकुमावरून उचलून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान झाले की साखर रक्तात रेंगाळते, इन्शुलिनचे चालेनासे होते, आणि मधुमेह हा स्मृतिभ्रंशाचा मान्य धोका आहे. दुसऱ्या बाजूला पोटाच्या आत, आतडी आणि यकृत यांच्याभोवती साठणारी चरबी ही नुसती पडून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडत असते, आणि हा मंद, न दुखणारा दाह रक्तवाहिन्यांना आणि पुढे मेंदूलाही बाधतो, असे आजचे आकलन आहे. कातडीखालची, म्हणजे दंड-मांड्यांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. शिवाय काम करणारा स्नायू स्वतःही काही रसायने रक्तात सोडतो. त्यांतील काही मेंदूतील पेशींच्या पोषणाला मदत करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसात यातले नेमके किती आणि कसे घडते, यावर डॉक्टर सावधपणे बोलले, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

उपचार म्हणून औषध काहीच मिळाले नाही. मला फिजिओथेरपी विभागात पाठवण्यात आले. तिथली मुलगी बैलहोंगलची, वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी. मी रोज सकाळी वॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालते, हे मी तिला अभिमानाने सांगितले. तिने चालणे सोडू नका म्हणून सांगितले, कारण नियमित चालण्याने हृदयाबरोबर मेंदूचाही फायदा होतो याला आधार आहे. अमेरिकेतील १२० वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचा, स्मरणाशी निगडित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. पण चालण्याने मांड्यांना आणि दंडांना ताकद येत नाही, त्यासाठी ओझेच उचलावे लागते, आणि ते ओझे हळूहळू वाढवावे लागते. बेळगावात कुस्तीची एवढी मोठी परंपरा, जुन्या तालमी अजून उभ्या. पण ओझे उचलणे हे बायकांचेही पथ्य असू शकते, असे आमच्या पिढीला कोणी सांगितले नव्हते. आमच्या आज्यांना ते सांगावे लागले नाही, कारण जाते आणि घागर त्यांच्या रोजच्या हाताखाली होती.

सुरुवात खुर्चीपासून झाली. खुर्चीवर बसायचे, पण धपकन नव्हे. अंग सावकाश खाली न्यायचे, बैठकीला जेमतेम टेकायचे आणि हातांचा आधार न घेता पुन्हा उठायचे. 'निधान, मॅडम, निधान,' असे ती कानडीत म्हणत राहायची, कारण खाली जातानाच्या सावकाशीतच निम्मा व्यायाम असतो. श्वास कोंडू नये, उठताना सोडावा; कोंडला तर रक्तदाब चढतो. मग घोट्याला वाळूचे पट्टे बांधून पाय उचलणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, आणि दारच्या कडीला अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे. या पट्ट्यांचा ताण रंगावरून ओळखतात: पिवळा सर्वांत हलका, मग लाल, मग हिरवा, मग निळा. पिवळा आणि लाल, म्हणजे नेमके कन्नड झेंड्याचे रंग, हे दोन्ही पट्टे एकत्र हातात घेऊन मी मराठी बायकांच्या घोळक्यात उभी राहिले तेव्हा जो हशा पिकला, तो बेळगावात राहणाऱ्यालाच कळेल. दहा-बारा वेळा ओढल्यावर आणखी एकदा ओढणे अशक्य वाटावे, असा पट्टा निवडायचा. पंधरा वेळा सहज होऊ लागले की पुढचा रंग. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या आंबल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. नंतर ते थांबले.

आहाराचे प्रकरण मात्र अवघड गेले. मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याची रक्ततपासणी करून घेतल्यावर डॉक्टरांनी दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे मला दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने सांगितली, आणि तीही तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून. मी घरचा हिशेब मांडला तेव्हा निम्म्याच्या थोडी पुढे गेले. सकाळी पोहे किंवा उप्पीट, दुपारी भात, पातळ आमटी, रात्री भाकरी आणि भाजी, मध्ये चहा-टोस्ट. यात प्रथिने येतील कुठून? त्यात माझे उपास. गुरुवार, संकष्टी, एकादशी, आणि श्रावणात सोमवारही. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसते. उपास सोडायला मी तयार नव्हते आणि डॉक्टरांनीही तसा हट्ट धरला नाही; त्या दिवशी साबुदाण्याऐवजी दूध, दही, ताक आणि शेंगदाणे घ्यायचे, अशी तडजोड ठरली. इतर दिवशी आमटी घट्ट झाली, सकाळी हुलग्याचे माडगे आले, मटकी-मुगाच्या उसळी रोजच्या झाल्या आणि आमच्या ह्यांच्या आग्रहाने मी दोन उकडलेली अंडी खाऊ लागले, ज्यांतून बारा-तेरा ग्रॅम सुटतात. कुंद्यावर बंदी आली नाही, पण डबा घरात आणून ठेवायचा नाही, बाहेर कोणी दिला तर चमचाभर घ्यायचा, एवढे ठरवले. प्रथिनांची भुकटी विकणाऱ्या एका दुकानदाराने 'मेंदू तल्लख होतो' म्हणून मला डबा दाखवला. तसा पुरावा कशाचा, हे विचारल्यावर त्याने तो फळीवर परत ठेवला.

वर्ष सरत आले तेव्हा सगळी तपासणी पुन्हा झाली. वजन साडेचोपन्न. मोजमाप मात्र बदललेले: पोट ८६, चरबी ३४ टक्के, स्नायूंचा आकडा ५.६, म्हणजे रेघेच्या अजून किंचित खालीच. मुठीची ताकद १९ किलो आणि खुर्चीतून पाच वेळा उठायला अकरा सेकंद. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ वरून ५.८ वर आली. वाड्यातल्या बायकांनी 'किती कमी झालं?' असे विचारले, आणि अर्धा किलो वाढले हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. एवढ्या खटाटोपाचे फळ काय, असेच त्यांना वाटले असणार. हे आकडे समजावून सांगायला मला वेळ लागतो, आणि प्रत्येकीला तेवढा वेळ नसतो.

स्मरणाच्या चाचणीत २७ गुण पडले. मला त्याचे श्रेय पट्ट्यांना द्यायचे होते. डॉक्टरांनी ते देऊ दिले नाही. तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस थोडा सरावलेला असतो आणि दोन गुणांचा फरक तेवढ्यानेही पडतो. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी व्यायाम करणारे आणि न करणारे असे गट शेजारी ठेवून पाहावे लागते. सिडनीत सौम्य विस्मरण असलेल्या, पंचावन्नच्या पुढच्या शंभर लोकांवर तसा प्रयोग झाला होता. चढत्या वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची बौद्धिक क्षमता सुधारली, आणि ज्यांची ताकद अधिक वाढली त्यांच्यात ती सुधारणाही अधिक दिसली. अलीकडे, २०२५ च्या अखेरीस, अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या परिषदेसाठी ११६४ निरोगी लोकांच्या एमआरआय तपासण्यांचा अभ्यास मांडण्यात आला: ज्यांचे स्नायू जास्त आणि त्या प्रमाणात पोटाच्या आतली चरबी कमी, त्यांचा मेंदू चित्रात वयाच्या मानाने तरुण दिसला, आणि कातडीखालच्या चरबीचा तसा संबंध आढळला नाही. पण एकाच वेळी काढलेल्या चित्रांवरून कोणते आधी आणि कोणते नंतर, हे ठरत नाही. माझ्या आईबद्दलचा प्रश्न इथेही तसाच राहतो.

या वर्षात मला एक गोष्ट खटकली, आणि ती मी रुग्णालयाच्या अभिप्राय वहीत लिहूनही आले. प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक खेपेला, वजन आणि रक्तदाब लिहून घेतात. पोटाचा घेर मोजणारी टेप फक्त वृद्धोपचार विभागातच होती. टेपला वीस रुपये पडतात, आणि खुर्चीतून पाच वेळा उठायला लावायला घड्याळ पुरते. माझ्या एका भाचीने पन्नाशीत वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एक इंजेक्शन घ्यायला सुरुवात केली आहे. त्या औषधांनी चरबीबरोबर स्नायूही घटतात, म्हणून तिला मी ओझे उचलणे आणि उसळी सोडू नको म्हणून सांगितले. तिच्या डॉक्टरांनी तिला हे सांगितले होते की नाही, ते तिला आठवेना.

आता मी हिरव्या पट्ट्यावर आहे आणि तांदळाचे दहा किलोंचे पोते स्वयंपाकघरातून माळ्याच्या जिन्यापर्यंत एकटी नेते. डॉक्टरांनी पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठेवली असून माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने एक सूचना लिहिली आहे: व्यायाम आणि आहार चालू असताना, मनात नसताना, सहा महिन्यांत अडीच किलोंहून अधिक वजन उतरले, तर तारखेची वाट न पाहता लगेच येणे. त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे मला काट्यावर उभे करतात आणि वजनाशेजारी पोटाचा घेरही कॅलेंडरवर लिहून ठेवतात.